फेब्रुवारीचा पगार आणि अकरा शीट्स: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामगार पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराचं ऑफिस आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनाक्रम आणि बिघाडाचं कारण जसंच्या तसं ठेवलं आहे. हाऊसकीपिंग, हेल्पर, लोडर अशी माणसं हा कंत्राटदार वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यापर्यंत पुरवतो: ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, शिवाय वाशी-नेरूळकडची काही ऑफिसं. एकूण अकरा साइट आणि अडीचशेच्या आसपास माणसं. महाप्याला ३८ जण, तर ऐरोलीला फक्त ९.

पगारपत्रक एक्सेलमध्ये. दर महिन्याला एक फाइल आणि फाइलमध्ये प्रत्येक साइटची एक शीट. या अकरा शीट्सशिवाय दोन आणखी: किमान वेतनाचे दर असलेली ‘दर’ आणि सगळ्या साइटच्या बेरजा एकाखाली एक दाखवणारी ‘एकत्र’. साइटवार शीट ठेवण्यामागे कारण होतं. ज्या कंपनीत माणसं लावली आहेत ती कंपनी दर महिन्याच्या बिलासोबत तिच्यापुरतं पगारपत्रक आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार विमा) यांची चलनं मागते. साइटची शीट प्रिंट केली की काम झालं.

शीट्सची रचना एकसारखी होती. सहाव्या ओळीपासून नावं, मग हजेरी, ओटीचे (जादा कामाचे) तास, बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता), एचआरए (घरभाडं भत्ता), एकूण पगार, पीएफ, ईएसआय, पीटी, उचल आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. नावं संपली की लगेच खाली बेरजेची ओळ. महाप्याची बेरीज ४४ व्या ओळीत, ऐरोलीची १५ व्या. प्रत्येक शीटच्या तिसऱ्या ओळीत एका सेलमध्ये त्या महिन्याची पीटीची रक्कम लिहिलेली असायची आणि पीटीच्या कॉलममधली सूत्रं तिथून आकडा घ्यायची.

पीटी म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुष कामगाराचे महिन्याला २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून होतात २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार व्यवसाय कर एका माणसामागे वर्षाला २,५०० रुपयांच्या वर नेता येत नाही. साडेसात ते दहा हजारांच्या गटातल्या पुरुषांना १७५ रुपये लागतात. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. म्हणजे वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या पगारपत्रकात, २०० चे ३०० करायचे आणि मार्चमध्ये पुन्हा २००. या प्रकरणाची सुरुवात एवढ्याशा बदलातून झाली.

पगारपत्रक करणाऱ्या ताई तिथे बऱ्याच वर्षांपासून आहेत. हाताखाली एक मुलगा, नुकताच बी.कॉम. झालेला, हुशार, टायपिंगचा हात चांगला. मी अशा छोट्या ऑफिसांच्या हिशेबाच्या फाइल्स बांधून आणि दुरुस्त करून देतो. बिघाड लक्षात आल्यावर मला बोलावलं गेलं.

अडचण कशी समोर आली

सात तारखेच्या आत पगार व्हायला हवा. सहा मार्चला संध्याकाळी सहा साइटचे पैसे बँकेतून गेले, पाच साइट दुसऱ्या दिवशी जायच्या होत्या. सात तारखेला सकाळी रबाळ्याच्या सुपरवायझरचा फोन आला. ‘‘मॅडम, आपल्या इथल्या एका बाईची तीन हजार उचल कापलीय. तिनं उचल घेतलेलीच नाही. रडतेय ती.’’

ताईंनी शीट उघडली. त्या बाईंच्या नावासमोर उचलीच्या कॉलममध्ये खरंच ३,००० होते. कागदावरच्या उचलीच्या यादीत मात्र त्यांचं नाव नव्हतं. ताईंना वाटलं, एक ओळ वरखाली झाली असेल. तासाभरात तुर्भ्याहून फोन आला. तिथे एकाला न केलेल्या ओटीचे पैसे जास्त मिळाले होते आणि त्या भल्या माणसानं ते स्वतः सांगितलं होतं.

आदल्या दिवशी पैसे सोडण्याआधी ताईंनी पडताळणी केली नव्हती असं नाही. पीएफची एकूण रक्कम त्यांनी हजेरीवरून वेगळी काढून ताडून पाहिली होती आणि ती रुपयापर्यंत जुळली होती. त्यामुळे शीट बरोबर आहे यावर त्यांचा विश्वास बसला. पण पीएफ निघतो बेसिक आणि डीएवर. ओटीवर पीएफ नसतो आणि उचलीचा तर पीएफशी काही संबंधच नाही. ओटी आणि उचल या दोनच कॉलममध्ये बिघाड असेल, तर पीएफची बेरीज तो कधीच दाखवणार नाही. ईएसआयचं उलटं होतं. कामगाराच्या पगारातून कापला जाणारा ०.७५ टक्के हिस्सा त्या वेळी ओटी धरून काढला जायचा, त्यामुळे ईएसआयची एकूण रक्कम नक्की चुकलेली होती. ती कुणी ताडून पाहिली नव्हती, कारण ईएसआयचं चलन भरायला १५ तारखेपर्यंत वेळ होता.

नेमकं काय घडलं होतं

मी पोचलो तेव्हा ऑफिसात दोन मतं होती. मालक साहेबांना वाटत होतं की त्या मुलानं निष्काळजीपणे चुकीच्या शीटवर टायपिंग केलं. मुलगा शपथेवर सांगत होता की त्यानं महापे सोडून दुसऱ्या शीटला हात लावला नाही. तो खरं बोलत होता.

उलगडा ताईंच्या ईमेलमुळे झाला. दोन मार्चला संध्याकाळी, पीटीचा बदल करून, त्यांनी फाइलची एक प्रत साहेबांना पाठवली होती. ती प्रत उघडली आणि खालच्या टॅबच्या पट्टीकडे पाहिलं. एरवी एकच टॅब उजळ आणि बाकीचे करडे असतात. इथे साइटचे अकराही टॅब उजळ होते, फक्त ‘दर’ आणि ‘एकत्र’ करडे. वर फाइलच्या नावापुढे ‘ग्रुप’ हा शब्द होता, पण फाइलचं नाव इतकं लांबलचक होतं की खिडकी जरा लहान केली की तो शब्द दिसेनासा व्हायचा.

ताईंनी पीटी बदलताना जे केलं ते जाणकाराचं काम होतं. पहिल्या साइटच्या टॅबवर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्या साइटच्या टॅबवर क्लिक, आणि अकरा शीट्स एका गटात आल्या. आता एका शीटवर तिसऱ्या ओळीत २०० चे ३०० केले की अकराही शीटवर ते होतात. तसे ते झाले. मग त्यांनी फाइल सेव्ह केली, ईमेल केली आणि बंद केली. गट मात्र सोडवला नाही.

एक्सेलची ही गोष्ट वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहीत नसते: शीट्स गटात असताना फाइल सेव्ह केली, तर गट फाइलसोबत सेव्ह होतो. पुढच्या वेळी फाइल जो कोणी उघडेल, त्याच्यासमोर ती गटातच उघडते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल त्या मुलानं उघडली. महाप्याच्या सुपरवायझरची ओटीची आणि उचलीची यादी सगळ्यात उशिरा आली होती, व्हॉट्सॲपवर फोटो. बाकीच्या दहा साइटची भर ताईंनी आधीच घातली होती. मुलानं महाप्याच्या टॅबवर क्लिक केलं. गटातल्याच एखाद्या टॅबवर क्लिक केलं तर गट सुटत नाही, फक्त समोरची शीट बदलते. तो महाप्याच्या ओळीत जे लिहीत गेला, ते अकराही शीटवर त्याच पत्त्याच्या सेलमध्ये उतरत गेलं. समोर मात्र फक्त महापे दिसत होतं आणि तिथला प्रत्येक आकडा बरोबर होता.

महाप्याच्या दहाव्या माणसाची उचल २,००० होती. तो १५ व्या ओळीत. ऐरोलीत १५ वी ओळ ही बेरजेची. तिथलं बेरजेचं सूत्र पुसून त्या जागी २,००० हा कोरा आकडा बसला आणि तोच ‘एकत्र’ शीटवर ऐरोलीची एकूण उचल म्हणून गेला. ऐरोलीसारख्या लहान साइटला दोन हजार उचल हा आकडा अगदी पटण्याजोगा होता. त्याखाली नावं नसलेल्या ओळींतही आकडे उतरले होते, पण प्रिंट एरिया ठरलेला असल्यामुळे छापील पगारपत्रकात ते येत नव्हते.

महाप्यातल्या तिघांची उचल फिटली होती, म्हणून त्यांच्यासमोरचे जुने आकडे मुलानं डिलीट केले. त्यासरशी बाकीच्या दहा शीट्सवर त्या तीन ओळींतली उचलही पुसली गेली. चुकीचा आकडा निदान दिसतो तरी, पण पुसलेल्या जागी मागे काहीच उरत नाही.

काम संपल्यावर त्यानं एकूण रक्कम बघायला ‘एकत्र’ टॅबवर क्लिक केलं. ‘एकत्र’ गटाबाहेर होती. गटाबाहेरच्या टॅबवर क्लिक होताच गट आपोआप सुटतो. त्यानं फाइल सेव्ह केली. त्यानंतर ताईंनी उघडली तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. म्हणून कुणाला काही उमगलं नाही.

मुलाचं शिक्षण बहुतेक गूगल शीट्सवर झालेलं. तिथे अनेक टॅब निवडता येतात, ते एकदम हलवता, लपवता, काढून टाकता येतात, पण एकावर टाइप केलेलं दुसऱ्यावर उतरत नाही. एका शीटवरचं लिखाण दहा शीटवर जाऊ शकतं ही शक्यताच त्याच्या डोक्यात नव्हती. साहेबांना मी हे सविस्तर सांगितलं, कारण त्या मुलाची नोकरी त्या दिवशी खरोखर पणाला लागली होती.

कोणते मार्ग होते

कंट्रोल-झेडचा उपयोग नव्हता. गटात केलेला बदल कंट्रोल-झेडनं सगळ्या शीट्सवरून एकदम मागे घेता येतो, पण फाइल बंद केली की तो इतिहास जातो. फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच होती, क्लाउडवर नव्हती, त्यामुळे जुन्या आवृत्त्या आपोआप जपलेल्या नव्हत्या.

साहेबांचा पहिला विचार होता की ज्याची तक्रार येईल त्याचं दुरुस्त करू, बाकीचं मार्चच्या पगारात बघू. मी याला ठाम विरोध केला. ज्यांना जास्त मिळालं त्यातले सगळे सांगायला येणार नाहीत. ज्यांना कमी मिळालं त्यातले बरेच जण पगाराची चिठ्ठी वाचत नाहीत. आलेल्या मेसेजमधला आकडा बघतात, आणि कमी दिसला तर हजेरी कापली असेल असं समजून गप्प बसतात. तेरा-चौदा हजार हातात येणाऱ्या बाईला तीन हजार महिनाभर न मिळणं म्हणजे खोलीचं भाडं किंवा मुलाची फी थकणं. तक्रारीची वाट बघणं म्हणजे जो बोलू शकतो त्यालाच त्याचे पैसे देणं.

दुसरा मार्ग: कागदी मस्टर आणि उचलीच्या याद्या घेऊन सगळं पगारपत्रक नव्यानं भरायचं. मार्ग खात्रीचा, पण अडीचशे माणसांचं काम घाईत करताना नव्या चुका होतात, आणि पाच साइटचे पगार त्याच दिवशी जायला हवे होते.

तिसरा मार्ग: दोन मार्चची ईमेलमधली प्रत घ्यायची आणि तिच्यात फक्त महाप्याची यादी भरायची. ऐकायला सोपं, पण तीन ते सहा मार्चच्या दरम्यान ताईंनी रबाळे आणि तुर्भ्याच्या हजेरीत खऱ्या दुरुस्त्या केल्या होत्या. जुनी प्रत सरसकट घेतली तर त्या जातील.

शेवटी ठरलं ते असं: जुनी प्रत पाया धरायची, बिघडलेली फाइल तिच्याशी ताडून बघायची आणि प्रत्येक फरकाला विचारायचं की हा महाप्याचा ठसा आहे की ताईंची खरी दुरुस्ती.

काय केलं

सगळ्यात आधी दोन्ही फाइल्सच्या वेगळ्या प्रती काढल्या. ईमेलच्या प्रतीत गट अजून चालू होता. तिच्यात एक अक्षर टाइप झालं असतं तर आमची एकमेव चांगली प्रतही गेली असती. म्हणून ‘एकत्र’ टॅबवर क्लिक करून गट सोडवला, सेव्ह केलं आणि मगच पुढे गेलो.

बिघडलेल्या फाइलमध्ये ‘तपास’ नावाची नवी शीट घेतली. गटातून झालेल्या चुकीची एक खूण असते: एकाच पत्त्यावर सगळ्या शीट्समध्ये एकच आकडा. एक्सेलमध्ये एका ओळीने लागलेल्या शीट्सचा एकच सेल एकदम विचारता येतो. कंसात पहिल्या शीटचं नाव, कोलन, शेवटच्या शीटचं नाव, उद्गारचिन्ह आणि सेलचा पत्ता. ही पद्धत सम, ॲव्हरेज, काउंट, मॅक्स, मिन अशा मोजक्या फंक्शन्समध्ये चालते. मी प्रत्येक सेलसाठी तीन प्रश्न विचारले: अकरा शीट्समध्ये इथे किती आकडे आहेत, सगळ्यात मोठा कोणता, सगळ्यात लहान कोणता. आकडे अकरा आणि मोठा-लहान सारखाच, तर तो महाप्याचा ठसा. उचलीसारख्या कॉलममध्ये अकरा साइटच्या एकाच ओळीतल्या माणसांनी अगदी सारखी रक्कम घेण्याचा योग जवळपास नाहीच, आणि ऐरोलीत तर त्या ओळींवर माणसंही नाहीत.

ओटी आणि उचल या दोन कॉलमसाठी सूत्रं खाली ओढली आणि महाप्याच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या ओळी समोर आल्या. सगळ्या मात्र आल्या नाहीत. दोन ठिकाणी मोठा आणि लहान आकडा वेगळे निघाले. शोधल्यावर कळलं की पैसे सोडण्यापूर्वी पावण्याच्या शीटवर ताईंना दोन माणसांचा ओटी जास्त वाटला होता आणि त्यांनी तेवढाच दुरुस्त केला होता. अकरातल्या एकाच शीटवरचा आकडा बदलला तरी ही चाचणी निसटते. म्हणून दुसरी फेरी घेतली: प्रत्येक साइटचा आकडा महाप्याच्या त्याच सेलशी एकास एक ताडला. पुसलेल्या तीन ओळींसाठी उलटी चाचणी लावली: जुन्या प्रतीत आकडे होते आणि नव्या फाइलमध्ये अकराही ठिकाणी रिकामं आहे असे सेल. तिन्ही ओळी लगेच सापडल्या.

राहिलेले फरक डोळ्यांनी बघायचे होते. दोन्ही फाइल्स उघडून व्ह्यू मेनूतल्या ‘व्ह्यू साइड बाय साइड’नं शेजारी लावल्या आणि ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ चालू ठेवलं, म्हणजे एक खिडकी खाली सरकवली की दुसरीही तेवढीच सरकते. ताई शेजारी बसून प्रत्येक फरकाला ‘‘हो, हा माझा’’ किंवा ‘‘नाही’’ म्हणत गेल्या. जिथे शंका आली तिथे सुपरवायझरला फोन केला.

निर्णयाचा पहिला अवघड प्रश्न होता क्रमाचा. सहा साइटच्या लोकांचं नुकसान झालंच होतं, पाच साइटचं टाळता येत होतं. साहेबांना आधी गेलेल्या पगारातली गडबड निस्तरायची होती, कारण फोन तिथून येत होते. आम्ही उलट केलं. आधी पाच साइट दुरुस्त करून त्यांचे पगार सात तारखेलाच सोडले, मग सहा साइटच्या फरकाची यादी केली. ज्यांना कमी मिळालं होतं त्यांना दुसऱ्या दिवशी फरक गेला. रबाळ्याच्या बाईंना मात्र साहेबांनी सात तारखेलाच दुपारी सुपरवायझरमार्फत रोख तीन हजार दिले.

दुसरा प्रश्न जास्त मिळालेल्या पैशांचा. साहेबांचं म्हणणं होतं की मार्चच्या पगारातून एकदम कापू. कायद्याच्या वाटेनं जाण्याआधी मी त्यांना एवढंच म्हटलं, ‘‘साहेब, हे पैसे त्यांनी मागितले नव्हते. एकदम कापले तर मार्चमध्ये पुन्हा हेच फोन येतील.’’ शेवटी ती रक्कम बिनव्याजी उचल म्हणून लिहायची आणि कामगाराची सही घेऊन हप्त्यांनी वळती करायची असं ठरलं. तुर्भ्याच्या ज्या माणसानं स्वतःहून सांगितलं, त्याला हप्ता किती हवा ते विचारून लिहिलं.

रचना बदलताना

पैशांचं निस्तरल्यावर फाइलकडे वळलो. इथे माझं मत ठाम आहे. शीट्सचा गट हा रचनेसाठी असतो: सगळीकडे एक कॉलम वाढवायचा, मथळे बदलायचे, कॉलमची रुंदी सारखी करायची, छपाईची मांडणी एकदम ठरवायची. माणसामाणसाला वेगळा असणारा आकडा गटात कधी लिहायचा नसतो. आणि एखादा आकडा बदलायला दर वर्षी गट करावा लागत असेल, तर तो आकडा चुकीच्या जागी राहतो आहे. पीटीची रक्कम अकरा ठिकाणी लिहायची गरजच नव्हती. ‘दर’ शीट आधीपासून होती. तिथे महिन्याचा एक सेल आणि त्यावरून ठरणारी पीटीची रक्कम ठेवली: महिना दुसरा असेल तर ३००, नाहीतर २००. अकरा शीट्स तिथून आकडा घेतात. हे जोडण्यासाठी मी गटच वापरला आणि संपताच ‘एकत्र’वर क्लिक केलं.

अकरा शीट्स मोडून एकच लांब यादी करायची आणि ‘साइट’ नावाचा कॉलम घालायचा, हाही विचार झाला. माझा कल तिकडेच होता. ताईंनी नकार दिला, आणि त्यांचं कारण पटण्यासारखं होतं: प्रत्येक कंपनीला तिच्या नमुन्यातलं पगारपत्रक लागतं आणि दोन ठिकाणी कॉलमही थोडे वेगळे आहेत. मग मधला रस्ता निघाला. ओटी आणि उचल लिहायला ‘नोंद’ नावाची एकच शीट केली: तारीख, साइट, यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक), प्रकार, आकडा. साइटच्या शीट्स सम-इफ्स फंक्शननं यूएएनवरून आपापले आकडे ओढून घेतात. त्या दोन कॉलमना आता कुलूप आहे, तिथे कुणी टाइप करत नाही.

बेरजेची ओळ खालून काढून चौथ्या ओळीत, नावांच्या वर आणली. माणसं वाढोत की घटोत, प्रत्येक शीटची बेरीज एकाच पत्त्यावर राहते. त्यामुळे ‘एकत्र’वरची सगळ्या साइटची एकूण बेरीज एका सूत्रात येते. अकरा शीट्सच्या दोन्ही बाजूंना ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ नावाच्या दोन रिकाम्या शीट्स लावल्या. सूत्र त्या दोघींच्या मधलं सगळं मोजतं. नवी साइट आली की शीट मध्ये ठेवायची, बेरजेत ती आपोआप धरली जाते. यातला धोकाही ताईंना दाखवला. टॅब ओढताना ‘शेवट’च्या पलीकडे गेला तर ती साइट बेरजेतून गुपचूप गळते आणि एक्सेल काही सांगत नाही. म्हणून ‘एकत्र’वर साइटवार आकडे वेगळे आणि ही एकूण बेरीज वेगळी अशी दोन्ही ठेवली, आणि खाली दोघांतला फरक. तो शून्य नसेल तर सेल लाल होतो.

व्हॅलिडेशन (सेलमध्ये काय लिहिता येईल याची अट) आणि कंडिशनल फॉरमॅटिंग (आकड्यानुसार सेलचा रंग बदलणं) मात्र एकेका शीटवर जाऊन लावावं लागलं. शीट्स गटात असताना ते पर्याय बंदच असतात. खरं तर ही एक उपयोगी खूणही आहे: कंडिशनल फॉरमॅटिंगचं बटण फिकट दिसलं, तर आधी टॅबच्या पट्टीकडे बघावं.

फाइल उघडताच गट सोडवणारा छोटा मॅक्रोही (फाइलमध्येच बसवलेला, आपोआप चालणारा प्रोग्रॅम) करता आला असता. तो केला नाही, कारण ज्या कंपन्यांना फाइल पाठवायची त्यांच्यातल्या काहींची ईमेल व्यवस्था मॅक्रो असलेल्या फाइल्स अडवते. त्याऐवजी एक सवय ठरली: सेव्ह करण्याआधी ‘एकत्र’वर क्लिक. गट असेल तर सुटतो, आणि फाइल उघडणाऱ्याला पहिल्यांदा बेरजाच दिसतात.

परिणाम

पंधरा तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयची चलनं दुरुस्त आकड्यांवर भरली गेली. बिलं त्याआधी गेलेली नव्हती, त्यामुळे कंपन्यांशी खुलाशाची वेळ आली नाही. जास्त गेलेली रक्कम पुढच्या काही महिन्यांत हप्त्यांनी वळती झाली, दोघेजण मात्र मध्येच काम सोडून गेले आणि त्यांची थकबाकी साहेबांनी सोडून दिली. मुलगा तिथेच आहे. ‘नोंद’ शीट आता तोच सांभाळतो.

काय वेगळं करता आलं असतं

सहा साइटच्या लोकांना पगार चुकल्याचं आधी सांगायला हवं होतं आणि हिशेब नंतर करायला हवा होता. आम्ही आकडे पक्के होईपर्यंत थांबलो. त्या वेळात काही साइटवर ‘कंत्राटदारानं पैसे मारले’ अशी बोलवा झाली. सात तारखेला सकाळीच सुपरवायझरांमार्फत दोन ओळींचा निरोप, मराठीत आणि हिंदीत, गेला असता तर माणसांची एक रात्र काळजीत गेली नसती. ऑफिसला यासाठी एक्सेलची वाट बघायची गरज नव्हती.

पडताळणीची निवडही वेगळी हवी होती. पीएफ ताडणं चूक नव्हतं, पण ताडायचा आकडा असा हवा की ज्यात प्रत्येक कॉलमचा वाटा आहे. हातात पडणारी एकूण रक्कम तशी आहे. ती साइटवार मागच्या महिन्याशी लावून बघितली असती तर काही साइटवर फरक नक्की खटकला असता. उचलीची बेरीज तर कागदी यादीच्या बेरजेशी दोन मिनिटांत लावता येते. हे दोन्ही आकडे आता ‘एकत्र’वर मागच्या महिन्याच्या आकड्यांशेजारी येतात आणि बँकेची फाइल जाण्याआधी त्या पानाच्या प्रिंटवर साहेब स्वतः सही करतात.

बँकेची फाइलही अजून साइटवार सहा-पाच अशी दोन दिवसांत जाते. खात्यात पैसे येण्याच्या वेळा लक्षात घेऊन ते तसंच ठेवलं आहे. पहिल्या दिवशी सगळ्यात लहान साइट सोडावी, म्हणजे चूक असलीच तर थोड्या माणसांत दिसेल, असं मी सुचवलं होतं. ते अजून ठरलेलं नाही, कारण मोठ्या साइटचे सुपरवायझर आपल्या माणसांचा पगार एक दिवस मागे जाऊ द्यायला तयार नाहीत.